ना स्वीकार, ना साभार परत

मराठी नियतकालिकांच्या व्यवहारात 'साभार परत' हा शब्दप्रयोग इतका रुळून गेला आहे की त्यातील आभाराकडे कुणाचे लक्ष जात नाही. लेखन नाकारले गेले, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. तथापि नियतकालिकांकडे लेखन धाडून ज्यांनी वाट पाहिली आहे त्यांना ठाऊक असते की साभार परत येण्याहून वाईट अशी एक गत असते, ती म्हणजे काहीच न येणे. 'सत्यकथे'चा जो दबदबा होता त्यात परत गेलेल्या लेखनासोबतच्या पत्रांचा वाटा मोठा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेला पत्रव्यवहार आज आपल्या वाङ्मयेतिहासाचा भाग झाला आहे. ज्यांना कुणाकडूनच उत्तर गेले नाही अशांचा इतिहास मात्र लिहिला जात नाही, कारण त्याचे साधनच मागे राहत नाही.

हे दुखणे वाङ्मयापुरते नाही, हे आम्हांस आमच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे कळले. बारावीपर्यंत आमच्याकडे मराठी शिकून तो संगणकाच्या वाटेने गेला आणि सध्या पुण्यात नोकरी करतो. ग्रंथांच्या शब्दसूची तयार करणारी एक मुक्त प्रणाली आहे. तीत 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागून येत असे, कारण संगणकाच्या वर्णसंकेतांत त्यांचे क्रमांक शेजारी आहेत. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो आणि त्यामागून 'क्ष' व 'ज्ञ'. हा क्रम लागावा यासाठी त्याने दुरुस्ती लिहिली, रीतसर धाडली. पहिल्या आठवड्यात कुणीतरी 'ठीक दिसते' असा शेरा मारला. त्यानंतर एकोणीस महिने शांतता. "सर, 'नको' म्हणाले असते तरी चाललं असतं," असे तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. याचे कारण पुढे येईल.

मुक्त स्रोत म्हणजे काय हे येथील वाचकांस ढोबळमानाने ठाऊक असेलच. संगणकप्रणालीची संहिता सर्वांना वाचण्यास खुली असते, आणि कुणीही तीत बदल सुचवू शकतो. सुचवलेला बदल तपासणारे, त्यावर आक्षेप घेणारे आणि अखेर तो मूळ संहितेत घालण्याचा अधिकार असणारे असे मोजके लोक असतात. सुचवणारे शेकडो, तपासणारे चारदोन. ढीग साचतो तो या विषमतेतून. त्यात कुणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही.

या ढिगाचे स्वरूप समजून घेताना आम्हांस आपल्याकडच्या शुद्धिपत्राची आठवण झाली. 'पृष्ठ ४७, ओळ १२ : अमुक ऐवजी तमुक वाचावे', असे शुद्धिपत्र ग्रंथाच्या शेवटी असते. ज्यास 'पॅच' म्हणतात तो मुळात हाच प्रकार : कोणत्या ओळी काढायच्या, कोणत्या घालायच्या, आणि जागा ओळखता यावी म्हणून आगच्यामागच्या तीन-तीन ओळी. आता अशी कल्पना करा की शुद्धिपत्र तयार होऊन पडले आहे आणि दरम्यान ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. पृष्ठांक बदलले, त्या परिच्छेदातील दोन वाक्येच लेखकाने काढून टाकली. शुद्धिपत्रातील एकही अक्षर बदललेले नाही, तरी ते निरुपयोगी झाले. प्रकल्प चालता असेल तर त्याची संहिता रोज बदलते, म्हणजे रोज नवी आवृत्ती. म्हणून थांबलेले योगदान नुसते थांबून राहत नाही, ते नासत जाते. मग तपासणारा म्हणतो, आजच्या संहितेवर पुन्हा बसवून आणा. लेखक ते करतो, पुन्हा तीन महिने जातात, पुन्हा तेच. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांस यातील यातना वेगळ्या सांगायला नकोत.

ज्या प्रकल्पांनी या ढिगाचा गांभीर्याने विचार केला त्यांत 'पोस्टग्रेस्क्यूएल' या विदागार-प्रणालीचे नाव घ्यावे लागेल. बर्कलेच्या विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली ती सुरू झाली, आणि १९९६ पासून आजच्या नावाने स्वयंसेवकांच्या व कंपन्यांच्या सहभागातून चालते. २००८ पासून तेथे 'कमिटफेस्ट' नावाची प्रथा आहे. वर्षातील काही ठरावीक महिन्यांत नवे लिहिणे बाजूला ठेवायचे आणि आलेले वाचायचे. प्रत्येक वेळी एक स्वयंसेवक व्यवस्थापक होतो. तो कुणाचा बदल कुणाकडे अडला आहे याची यादी सांभाळतो, आठवणी करतो, थोडक्यात शिव्या खातो. यादीतील प्रत्येक नोंदीपुढे तिची अवस्था लिहिलेली असते : तपासणी हवी, लेखकाकडे प्रलंबित, स्वीकारण्यास सज्ज. आणि शेवटी निकाल : स्वीकृत, नाकारले, लेखकाने मागे घेतले, किंवा 'अभिप्रायासह परत'. हा शेवटचा शेरा वाचताना आम्हांस जो आनंद झाला तो मराठीच्या अध्यापकांसच होऊ शकतो.

त्याहून महत्त्वाचा तेथील एक संकेत आहे. जो आपला बदल धाडतो त्याने साधारण तितक्याच वजनाचा दुसऱ्याचा एक बदल तपासावा. अंमलबजावणी सैल असते, परंतु संकेतामागची भूमिका स्पष्ट आहे : वाचकांचा वेळ ही सामाईक विहीर आहे, आणि पाणी भरणाऱ्याने कधीतरी गाळ काढण्यासही उतरावे. साहित्यव्यवहारात आपण हे कधी मागितलेच नाही. कवितासंग्रह पाठवणाऱ्या कवीस, आधी दुसऱ्या एका कवीचा संग्रह वाचून त्यावर दोन पाने लिहा, असे सांगून पाहावे.

या व्यवस्थेत किती धीर लागतो याचे उदाहरण म्हणजे 'मर्ज' ही आज्ञा. दोन याद्या ताडून पाहायच्या, जुळेल तेथे दुरुस्ती आणि न जुळेल तेथे भर, असे तिचे काम. २००३ च्या प्रमाणकात ती आली. २०१० साली एका विद्यार्थ्याच्या उन्हाळी प्रकल्पात तिचा प्रयत्न झाला, तो तडीस गेला नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये ती मूळ संहितेत दाखल झाली, तिच्या रचनेवर गंभीर आक्षेप आले, आणि त्याच महिन्यात ती बाहेर काढण्यात आली. छापून झालेला फॉर्म रद्द करावा तसे. अखेर २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या पंधराव्या आवृत्तीत ती प्रसिद्ध झाली. तिच्यापुढे चार नावे आहेत; आधीचा खटाटोप करणारे सायमन रिग्ज त्यांत आहेत आणि शेवटी ती तडीस नेणारे आल्वारो हेरेरा हेही. रिग्ज २०२४ च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेले. बारा वर्षे रखडलेल्या या कामास मधल्या काळात 'नाही' हे उत्तर स्पष्टपणे आणि सकारण मिळत होते, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा उचलता आले, असे आमचे मत आहे.

परंतु या प्रथेचाही गाळ झाला. यादीतील नोंदी तीनशेच्या पुढेमागे राहू लागल्या, आणि ज्यांचे काही करता येत नाही अशा नोंदी दर वेळी पुढल्या महिन्यावर ढकलल्या जाऊ लागल्या. रॉबर्ट हास हे त्या प्रकल्पातील ज्येष्ठ. २०२४ च्या मे महिन्यात त्यांनी जाहीरपणे लिहिले की ही यादी आता आपल्या कामाची उरलेली नाही; कशास खरोखर वाचकाची गरज आहे आणि काय नुसते पडून आहे, हे तिच्यावरून कळतच नाही. त्यानंतरच्या काळात रोख असा राहिला की व्यवस्थापकाने सगळे सरसकट पुढे ढकलू नये; ज्यास आपल्या कामाची आस्था उरली आहे त्याने ते स्वतः उचलून पुढल्या यादीत न्यावे. नकार कुणालाच द्यावासा वाटत नाही. पुढे ढकलणे सौजन्याचे वाटते. कार्यालयांतील फायलींचेही असेच होते, आणि विद्यापीठांच्या समित्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

काही प्रकल्पांनी हे काम यंत्रावर सोपवले आहे. 'कुबरनेटिस' हा आजच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक. तेथे नव्वद दिवस हालचाल नसलेल्या नोंदीवर यंत्र 'शिळे' अशी चिठ्ठी लावते. आणखी तीस दिवसांनी 'कुजलेले'. त्यानंतर तीस दिवसांनी नोंद बंद. लेखकाने येऊन ठरावीक शब्द टंकले की चिठ्ठी निघते, आणि मुद्दाम राखून ठेवायच्या नोंदीस 'गोठवलेले' म्हणता येते. म्हणजे हे सगळे शब्द स्वयंपाकघरातले. या पद्धतीत ढीग कमी होतो हे मान्य. परंतु ज्याचे काम कुणी वाचलेच नाही त्यास ते कुजले असे सांगणे, आणि तेही न वाचणाऱ्याच्या वतीने, ही भाषा आम्हांस रुचत नाही. कुजण्याचा दोष पदार्थाकडे जातो, वास्तविक तो ताटात कुणी घेतलाच नव्हता. शिवाय अनेकदा अडलेले असते ते तपासणाऱ्याकडे. 'रस्ट' या भाषेच्या प्रकल्पात, काम लेखकाकडे थांबले आहे की तपासणाऱ्याकडे, हे दाखवणाऱ्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या आहेत. ही साधी प्रामाणिकता आम्हांस जास्त मोलाची वाटते.

आता एकमेकांकडे पाहण्याचे कारण. आमच्या विभागाची एक वार्षिक संशोधनपत्रिका आहे. २०२२ साली तिचे संपादन आम्हां दोघांकडे आले, त्यासोबत एक लोखंडी कपाट आणि त्यात त्रेचाळीस लेख. सर्वांत जुना २०१४ चा. आधीचे संपादक निवृत्त झालेले, त्यांच्याही आधीचे हयात नाहीत. कोणत्या लेखास काय कळवले होते, याची नोंद नाही. यांतील बरेच लेख पदोन्नतीच्या गरजेपोटी आलेले होते हे खरे. २०१९ साली अनुदान आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, २०२५ साली ती रद्दही झाली, आणि या दरम्यान महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी जे लिहिले त्याचा ढीग मोजायचा तर वेगळे कपाट लागेल. तथापि गरजेपोटी आलेला लेख वाईटच असतो असे नाही, आणि त्याच्या उत्तरावाचून कुणाची तरी वेतनश्रेणी अडलेली असू शकते.

विद्यार्थ्याशी बोलणे झाल्यावर आम्ही कमिटफेस्टची नक्कल केली. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा महिना ठरवला, त्या काळात नवे लेख घ्यायचे नाहीत. प्रत्येक लेखकास पत्र : आपला लेख आमच्याकडे अमुक सालापासून आहे, तो आपणांस आजही आपला वाटतो का? वाटत असेल तर तो आम्ही याच महिन्यात वाचू. आपणही सोबतचा एक लेख वाचून अभिप्राय द्यावा. नऊ पत्रे पत्ता सोडून गेल्याच्या शेऱ्यासह परत आली. पाच लेख दरम्यान इतरत्र छापून झाले होते. एका ज्येष्ठ समीक्षकांनी, आपण लेखक आहोत, परीक्षक नव्हे, असे बाणेदारपणे कळवले. एका मुलीने लिहिले की बाबा २०१९ मध्ये गेले. लेखाची प्रत घरात नाही, ती मिळेल का? आम्ही मूळ हस्तलिखित पाठवले आणि प्रत ठेवून घेतली. नकाराची पत्रे लिहायला सर्वांत वेळ लागला. 'जागेअभावी' हा शब्द वापरायचा नाही असे आम्ही ठरवले होते.

या सगळ्यात एक लेख असा निघाला की ज्याने आमच्यात दोन पक्ष पाडले. तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या एका बाईंनी २०१५ साली, आपल्या आईकडून व शेजारणींकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर तो लिहिला होता. ओव्या अस्सल, निरीक्षणे बारीक. परंतु या प्रकारचे मोठे संकलन वाचकांस सहज उपलब्ध नाही, या गृहीतावर त्याची अर्धी मांडणी उभी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह 'परी'वर २०१७ पासून क्रमाने खुला होत गेला. म्हणजे शुद्धिपत्र तेच राहिले आणि ग्रंथाची आवृत्ती बदलली. बाईंनी कळवले, "आता पुन्हा लिहिण्याची उभारी नाही. पण लेख मागे घेत नाही." हे दुसरे वाक्य आम्ही कितीदा तरी वाचले.

मुक्त स्रोतात अशा वेळी एक मार्ग असतो. लेखकाने सोडलेला बदल दुसरा कुणी उचलतो, आजच्या संहितेवर बसवतो, पहिल्याचे नाव राखून आपले जोडतो. आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले की लेख म्हणजे यंत्रातील आटे नव्हेत. शैली आणि दृष्टी एका व्यक्तीची असते, तीत दुसऱ्याचा हात लागला की लेख दोघांचाही राहत नाही. दुसरीचे म्हणणे, लोकगीतांच्या अभ्यासकांनी तरी ही भाषा बोलू नये. ओवी कुणी एकीने रचली आणि जात्यापुढे बसणाऱ्या प्रत्येकीने तीत आपले घातले, ते आपण परंपरा म्हणून शिकवतो. वाद आठवडाभर चालला. अखेर बाईंच्या संमतीने एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने नव्या संग्रहाशी ताडून पाहण्याचा भाग लिहिला, जुनी मांडणी शक्यतो न हलवता, आणि लेख दोन नावांनी आला. आमच्यातील मतभेद आजही मिटलेला नाही. अंक चांगला निघाला, एवढ्यावर दोघांचे एकमत आहे.

ढिगातून बाहेर पडण्याचा आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे वेगळे घर करणे. जीसीसी हा संहितांतरक रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीचा आधारस्तंभ. नव्वदीच्या दशकात त्यात बदल स्वीकारले जाण्याची गती इतकी मंदावली की १९९७ साली काही जणांनी संहितेची प्रत घेऊन 'ईजीसीएस' नावाने निराळा प्रकल्प मांडला आणि अडलेले बदल तेथे घेण्यास सुरुवात केली. दोन वर्षांत ही शाखा मूळ खोडाहून सशक्त झाली, आणि १९९९ मध्ये तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता मिळाली. साठीतल्या आपल्या अनियतकालिकांची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रस्थापित मासिकांत ज्यांना शिरकाव नव्हता, किंवा नको होता, त्यांनी चक्रमुद्रित पाने काढली. फरक इतकाच की 'सत्यकथे'ने 'असो'ला आपले अधिकृत रूप म्हणून घोषित केले नाही. (अशोक शहाण्यांना ते चालले असते असेही नाही.)

येथवर आम्ही वाट पाहणाऱ्यांच्या बाजूने लिहीत आलो. २०२४ साली उघडकीस आलेले एक्सझेडचे प्रकरण वाचल्यापासून मात्र आमची ही बाजू डळमळते.

एक्सझेड ही विदा आकुंचित करणारी लहानशी प्रणाली, पण जगभरातील लिनक्स संगणकांत ती बसवलेली असते. लासे कोलिन हे फिनलंडमधील गृहस्थ ती वर्षानुवर्षे जवळपास एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. २०२१ पासून जिया तान या नावाने कुणीतरी तेथे बदल पाठवू लागले. बदल नेमके, उपयुक्त. २०२२ मध्ये इतर काही अपरिचित नावांनी तक्रारी सुरू झाल्या : बदल किती दिवस पडून राहणार? प्रकल्प कुणा उत्साही माणसाकडे का सोपवत नाही? कोलिन यांनी उत्तरादाखल आपल्या दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्याचा उल्लेख केला आणि हे काम आपण बिनपगारी, हौसेने करतो याची आठवण दिली. तक्रारकर्त्यांचा सूर त्याने मवाळ झाला नाही. यथावकाश जिया तान या नावास अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, दूरस्थ संगणकांत चोरपावलांनी शिरता येईल असे दार बसवले गेले. जिया तान कोण, हे उघड झालेले नाही. तक्रार करणारी ती नावे त्याच कटातली असावीत, असा जाणकारांचा दाट संशय आहे.

ते दार सापडले ते अँड्रेस फ्रॉइंड यांना. ते पोस्टग्रेस्क्यूएलचे विकासक; आपल्या प्रणालीची गती मोजत असताना दुसऱ्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते मुळाशी पोहोचले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. नवीन आवृत्त्या तोवर बहुतेक संगणकांपर्यंत पोहोचलेल्या नव्हत्या.

म्हणजे साचलेला ढीग हेच येथे हत्यार झाले. 'उत्तर का देत नाही' हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्याने विचारला तेव्हा न्याय्य होता. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, एका थकलेल्या माणसाच्या अपराधभावावर दाब देण्यासाठी विचारला गेला. बाहेरून पाहणाऱ्यास दोहोंतील भेद ओळखता येईल का? आम्हांस तरी येत नाही. आमच्या पत्रिकेस येणारे घाईचे दूरध्वनी आम्ही आता थोड्या वेगळ्या कानांनी ऐकतो, आणि तरीही ते बहुतांश निरपराध असतात.

विद्यार्थ्याचा 'ळ' अजून अडलेलाच आहे. मध्यंतरी त्याने तो नव्या संहितेवर तिसऱ्यांदा बसवला, आणि आता त्याच प्रकल्पातील इतरांचे बदल तो रविवारी तपासतो. कोलिन यांनी प्रकल्प सोडला नाही. २०२४ च्या मे अखेरीस त्यांनी दाराचा अंश काढून ५.६.२ ही आवृत्ती काढली. त्यासाठी जिया तान या नावाने आलेले आणि पूर्वीच स्वीकारून झालेले बदल त्यांना पुन्हा, एकेक करून, वाचावे लागले.